दोरगल्लीतल्या बायका

दोर वळणाऱ्यांच्या घरात बायका पुढे बघून मागे चालतात. नवरा चाकापाशी बसून मूठ फिरवतो. बायको कमरेला वाखाचा, म्हणजे घायपाताच्या तंतूंचा, गुंडाळा बांधते आणि दोन्ही हातांनी वाख सोडत उलट्या पावलांनी मागे मागे जाते. गल्लीतला एक म्हातारा म्हणायचा, आमच्या धंद्यात बायको जितकी लांब तितका माल जास्त. हा विनोद त्याने इतक्या वेळा केला होता की आता त्यावर हसायचं कामही त्यालाच करावं लागे.

दोरगल्ली म्हणजे दोन्ही बाजूंना झाडं आणि मधे टाचांनी दाबून दगडासारखी झालेली लांब सरळ वाट. बायकांना ती टाचांनी पाठ होती. कुठे मूळ वर आलंय, कुठे जमीन खचलीय, शेजाऱ्यांची शेळी कुठे आडवी पसरते, हे त्यांना मान न वळवता कळायचं.

त्या वर्षी वाख उशिरा आला, आणि आला तोही अर्धा ओला. व्यापाऱ्याने मात्र माल वेळेवरच मागितला होता. उशीर झाला तर पुढच्या हंगामापासून नायलॉनचे दोर घेईन, असं तो हसत हसत सांगून गेला होता. त्यामुळे उजाडायच्या आत गल्लीतली सगळी चाकं करकरायला लागायची. जेवणं उभ्याउभ्याच व्हायची.

त्यातल्या एका घरची धाकटी सून, तिला सगळे धाकटीच म्हणत, सकाळपासून मागे चालत होती. वाख वाळवताना उडालेली धूळ घशात बसली होती आणि खोकला दाटून येत होता. शेवटी तो आवरेना. ती थांबली, डावा पाय उजव्यावर घट्ट आवळला, ओटीपोटाखाली मूठ दाबून धरली आणि मगच खोकली. वाटेच्या दुसऱ्या टोकाहून नवरा ओरडला की पीळ सुटतोय. तिने पाय सोडवले, मूठ काढली आणि पुन्हा मागे चालायला लागली.

धाकटीचं अंग बाहेर येत होतं. दुसऱ्या बाळंतपणापासून. मुलगी तान्ही असतानाच ऐन हंगाम आला, थोरली जाऊ तापाने पडली आणि धाकटीने ओली बाळंतीण असतानाच कमरेला वाख बांधला. दोर ओढतो तो कमरेलाच. आठवड्याभरात खाली काहीतरी जड जड लागायला लागलं आणि एक दिवस धुणं उचलताना हाताला लागलं. ती इतकी घाबरली की बादली तिथेच टाकून सासूकडे धावली.

सासूला सगळी गल्ली मुकादमीण म्हणायची. सासरा गेल्यापासून घरोघरचा वाख तीच वाटून द्यायची आणि व्यापाऱ्याशीही तीच बोलायची. मालाच्या वजनात तिला फसवणारा अजून जन्माला यायचा होता. सुंभ जळेल पण पीळ जळणार नाही, अशी बाई. तिने धाकटीचं ऐकून घेतलं आणि पोरीला जोडे घालायला शिकवावं तितक्या सहजपणे सगळं शिकवलं. पट्टी कशी बांधायची, खोकायच्या आधी पाय कसे आवळायचे, बसता-उठता मूठ कुठे दाबायची.

"टाचेला घट्टा पडतो ना, तसंच हे," ती म्हणाली. "दोराच्या घरात आलीस म्हणजे हे आलंच. बोभाटा करू नको. झाकली मूठ सव्वा लाखाची."

धाकटीने ते मानलं. सुताराचं बोट तुटतं, लोहाराचे डोळे जातात, तसं आपलं हे, असं तिने मनाशी धरलं. एवढंच, की हे फक्त आपल्याच शरीराला जरा जास्त झालंय असं तिला वाटे. बाकीच्या कशा ताठ चालतात. आपलीच काठी कच्ची. रात्री नवरा जवळ आला की ती काही ना काही निमित्त काढायची, आणि तो बिचारा समजायचा की हिचं मन उडालं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

गल्लीपलीकडे सुताची गिरणी होती. गिरणीच्या कंपनीला पुण्य करायचं होतं आणि ते वर्षाच्या आत संपवायचं होतं. पुण्यालाही तिथे मुदत असते. म्हणून त्यांनी जुनी वजनकाट्याची खोली निळ्या रंगाने रंगवली, पंखा लावला आणि बायकांसाठी केंद्र उघडलं. एक दिवस लिहा-वाचायचा, एक दिवस आरोग्याचा, एक दिवस कलेचा. सगळ्यावर देखरेख करायला एक तरुण साहेब होता. बाई दारातून आत आली की फोटो, पाटी हातात घेतली की फोटो. बायकांनी त्याचं नाव फोटोवाले ठेवलं. माणूस तसा पापभीरू होता, फक्त वरच्या साहेबांना देवापेक्षा जास्त भ्यायचा.

दुपारी उन्हामुळे चाकं थांबत, तेवढ्या वेळात बायका केंद्रात जात. अक्षरांच्या दिवशी खोली भरायची. कलेच्या दिवशी तर बाहेरच्या पायऱ्यांवरही बसायच्या, कारण तिथे हसायला मिळे. आरोग्याच्या दिवशी मात्र एकीची शेळी व्यालेली असे, दुसरीकडे पाहुणे येत, तिसरीचं डोकं दुखे. नर्सताई जवळजवळ एकटीच पंख्याखाली बसून राहायची.

धाकटी जायची. अक्षरं लागायला लागल्यापासून तिला दिसेल तो कागद वाचायचा सोस होता आणि नर्सताईच्या तक्त्यांवर खूप अक्षरं होती. त्या दुपारी थोरली जाऊ आणि आणखी दोघी-तिघी जेमतेम आल्या होत्या. नर्सताईने एक तक्ता उलगडला आणि सरळ सांगायला लागली. बाळंतपणानंतर लगेच ओझं ओढलं, जोर लावला, की गर्भाची पिशवी धरून ठेवणारे स्नायू सैल पडतात आणि अंग खाली येतं. हा आजार आहे. थोडं असेल तर व्यायाम असतो, आत बसवायची कडी असते. फार असेल तर ऑपरेशन. कंपनीच्या पैशाने शहरातले डॉक्टर गिरणीच्या दवाखान्यात यायला तयार आहेत, पण त्यांना आधी नावं हवीत. नावं नसतील तर त्यांची गाडी दुसऱ्या गावाला जाईल.

"कुणाला असं काही आहे का?" तिने विचारलं.

पंखा फिरत होता. थोरली नखं बघत होती. धाकटीच्या कानांत तो एकच शब्द राहिला होता. आजार. म्हणजे याला औषध असतं. इतकी वर्षं ती घट्टा म्हणून जे बांधून फिरत होती त्याला औषध होतं, आणि ते हाकेच्या अंतरावर येऊन थांबणार होतं. तिचा हात मांडीवरून उचलला गेला नाही. पण घरी जाताना तिच्या मनाने एकच घेतलं: काय वाट्टेल ते होवो, आपलं नाव त्या गाडीसाठी गेलं पाहिजे.

घरच्या लोकांशिवाय ते होणार नव्हतं. ऑपरेशननंतर तीन महिने ओझं उचलायचं नाही, कमरेला ओढ लावायची नाही, असं नर्सताईने बजावलं होतं. मग चाकासमोर कोण चालणार? संध्याकाळी भांडी घासताना तिने नवऱ्याला शेजारी बसवलं आणि जमिनीकडे बघत सगळं सांगितलं. तो तिच्या हातातलं भांडं घेऊन घासायला लागला. मग म्हणाला की हे आधीच का नाही सांगितलंस, मी भलतंच समजत होतो. माणूस वाईट नव्हता. पण आईपुढे त्याची गरीब गाय व्हायची. त्याने विषय काढला, आणि मुकादमिणीने तो पुरता बाहेर येऊही दिला नाही.

ती म्हणाली की माल अर्धा वळून पडलाय, आणि हिला झोपायचे डोहाळे लागलेत. वर गल्लीचं नाव जाईल ते वेगळंच. दोराच्या घरातल्या बाया नासक्या असतात असं एकदा लोकांच्या तोंडी झालं, की आपल्या पोरी कोण करणार आणि आपल्याला पोरी कोण देणार?

"मी नाही का आयुष्य काढलं?" ती उठता उठता म्हणाली. धाकटीला वाटलं, ती कष्टांबद्दल बोलतेय.

कलेच्या दिवशी शहरातून एक बाई यायची. केस कापलेले, हात सारखे हवेत, आणि कुणी काहीही केलं तरी तिला ते सुंदर वाटायचं. बायका तिला नाटकवाली म्हणत. कंपनीच्या वार्षिक समारंभात मोठ्या बाईंपुढे या केंद्राचा कार्यक्रम व्हायचा होता. मोठ्या बाई म्हणजे कंपनीच्या मालकीणच. नाटकवालीने ठरवलं होतं की बायकांनी स्वतःचं कामच रंगमंचावर आणायचं. तोंडाने बोलायचं नाही, सगळं अंगाने दाखवायचं.

तिने धाकटीला पुढे बोलावलं. चाक आहे असं समज, वाख आहे असं समज, आणि चाल. धाकटी चालायला लागली. नसलेला वाख बोटांतून सुटायला लागला, टाचा आपोआप जमीन शोधायला लागल्या. शरीराला खरंखोटं कळत नाही. खोलीच्या मध्यावर ती सवयीने थांबली, डावा पाय उजव्यावर आवळला, मूठ दाबली, खोकली आणि पुढे गेली. आपण काय केलं हे तिला कळलंसुद्धा नाही.

नाटकवालीने मात्र टाळी वाजवली. हे पाऊल किती वेगळं आहे, ती म्हणाली, किती लयीत आहे. हेच धरू. सगळ्यांनी ओळीत उभं राहा, धाकटीसारखं चाला, आणि मी टाळी दिली की हे पाऊल करा. नीट बघून घ्या, हवं तर पुन्हा दाखवायला सांगते.

कुणीच पुन्हा दाखवायला सांगितलं नाही. टाळी पडली आणि ओळीतल्या साऱ्या बायकांचे पाय एकदम आवळले गेले, साऱ्यांच्या मुठी एकाच जागी गेल्या. कुणाचा अंगठा आत, कुणाचा बाहेर, एवढाच फरक. कुणी चुकलं नाही, कुणी मागे राहिलं नाही. नाटकवाली हरखून म्हणाली की एका दमात कसं जमलं तुम्हाला.

तोवर ओळ मोडली होती. बायका एकमेकींकडे बघत होत्या. थोरली जाऊ धाकटीच्या तोंडाकडे बघत राहिली. एका चुलीवर दोघींनी वर्षानुवर्षं रांधलं होतं.

"तू पण?" तिने विचारलं.

धाकटीने मान हलवली. कुणीतरी फिस्सकन हसलं. त्या हसण्याने आणखी एकीची मूठ खाली गेली, आणि मग सगळ्या हसत सुटल्या. पाय आवळून, मुठी दाबून, भिंतीला टेकून हसल्या आणि हसता हसता दोघी-तिघी रडायलाच लागल्या. घरोघरी मातीच्या चुली म्हणतात, पण दुसऱ्याची चूल पेटलेली डोळ्यांनी बघितल्याशिवाय ते खरं वाटत नाही. धाकटीच्या छातीवरचा धोंडा त्या क्षणी उतरला. तिची काठी कच्ची नव्हती. सगळ्यांना एकाच दोराने ओढलं होतं.

कोपऱ्यात औषधांच्या बाटल्या लावणारी नर्सताई वळून बघत उभी होती. ती जवळ आली आणि हळूच एकेकीला विचारायला लागली, किती वर्षं. नाटकवालीला तिने बाजूला घेऊन अर्थ सांगितला तेव्हा ती बिचारी जमिनीवरच बसली. मी याला पाऊल म्हटलं, ती म्हणाली, मी यावर टाळ्या वाजवल्या. हे काढूनच टाकू. धाकटी म्हणाली, राहू द्या.

तरी नावं गेली नाहीत. वाख मुकादमिणीच्या हातून यायचा, आणि तिच्या मनाविरुद्ध नाव दिलं आणि उद्या वाख ओला किंवा कमी आला तर, ही भीती प्रत्येकीला होती. नर्सताईने फोटोवाल्यांना डॉक्टरांची गाडी थोडी थांबवून धरायला सांगितलं. त्यांना कारण सांगावं लागलं, तसा त्यांचा चेहरा पडला. गाडीचं ते बघतो म्हणाले, पण ते पाऊल समारंभात नको. मोठ्या बाई येणार, पाहुणे येणार. कलेच्या कार्यक्रमात दवाखाना कशाला. बायकांनी माना हलवल्या. दोरगल्लीत मान हलवली म्हणजे ऐकलं एवढंच. मानलं असा अर्थ कुणी काढू नये.

समारंभाच्या दिवशी गिरणीच्या आवारात मांडव घातला होता. पुढे खुर्च्यांवर पाहुणे, मधे गल्लीतली म्हातारी माणसं सतरंजीवर, मागे पुरुष उभे. खरं चाक गाडीवर घालून आणलं होतं आणि ते फिरवायला धाकटीच्या नवऱ्याला बसवलं होतं. इस्त्रीच्या शर्टात तो स्वतःलाच ओळखू येत नव्हता. मुकादमीण सतरंजीवर सगळ्यांत पुढे होती. सुना कंपनीच्या मांडवात दोर वळणार म्हणून तिची मान ताठ होती.

चाक करकरलं. बायका ओळीने मागे चालायला लागल्या. कमरेला खरा वाख होता, खरा दोर लांबत होता, आणि मांडवात इतकी शांतता झाली की वाखाची सळसळ ऐकू यायला लागली. फोटोवाले निर्धास्त होऊन फोटो काढत होते. मध्यावर आल्यावर धाकटी थांबली. तिच्या मनात शेवटची भीती येऊन गेली: आता नवरा बघणार, दीर बघणार, उद्या गल्लीत तोंड कसं दाखवायचं. मग तिला वाटलं, तोंडच तर दाखवायचंय. तिने पाय आवळले आणि मूठ दाबली. दोन्ही बाजूंना साऱ्यांनी तेच केलं.

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. धाकटी थांबूनच राहिली. टाळ्या विरल्यावर ती बोलली. आवाज शेवटच्या ओळीपर्यंत जात होता.

"हा नाच नाही. आमचं अंग बाहेर येतं. खोकलं तरी, हसलं तरी, आणि ते आत धरायला आम्ही असं करतो. ओली बाळंतीण कमरेने दोर ओढते, त्याने झालंय हे. याला आम्ही घट्टा म्हणत होतो. हा आजार आहे, आणि आम्हाला बरं व्हायचंय."

चाक थांबलं. नवऱ्याच्या हातातून चाकाची मूठ सुटली होती. फोटोवाल्यांचा कॅमेरा गळ्यात लोंबत राहिला. मागे पुरुषांत कुजबुज सुरू झाली. आणि सतरंजीवरून मुकादमीण उठायला लागली.

ती कशाला उठतेय हे सगळ्यांना ठाऊक होतं. तिचे ओठ घट्ट मिटलेले होते, डोळे धाकटीवर रोखलेले होते. आता ही वर जाणार आणि सुनेला हाताला धरून खाली ओढणार. तिने एक हात जमिनीवर टेकला, गुडघा उचलला, आणि जन्माची सवय म्हणून दुसऱ्या हाताची मूठ ओटीपोटाखाली दाबली. पाय आवळून ती उभी राहिली.

सगळा मांडव बघत होता. आत्ता, घटकेपूर्वी, त्या मुठीचा अर्थ साऱ्यांना सांगून झाला होता. मुकादमिणीला ते जरा उशिरा कळलं. तिने आपल्या मुठीकडे पाहिलं. सुनांकडे पाहिलं, सगळ्या अजून तशाच उभ्या होत्या. ती काढून घेईल असं वाटलं, पण तिने मूठ हलवली नाही. तिच्या तोंडावरचा राग हळूहळू सुटत गेला, आणि खाली एक दमलेली म्हातारी दिसली, जिला धाकटीने कधी बघितलंच नव्हतं. धाकटीला रडू फुटलं. मी नाही का आयुष्य काढलं, असं सासू घरात म्हणाली होती तेव्हा ती कशाबद्दल बोलत होती, हे तिला आत्ता कळलं.

"बघत काय बसलीस?" मुकादमीण नर्सताईवर खेकसली. "नावं लिहून घ्यायचीत ना? माझ्यापासून घे. थोरा-मोठ्यांपासून सुरुवात करतात."

मग काय, धरण फुटलं. सतरंजीवरच्या म्हाताऱ्या एकेक करत उठायला लागल्या, आणि प्रत्येकीची उठायची तऱ्हा तीच. मागे पुरुषांची कुजबुज बंद पडली. प्रत्येकाला आपली आई नाहीतर बायको दिसत होती. मोठ्या बाई खुर्ची सोडून उठल्या आणि त्यांनी भाषण केलं नाही, हे त्यांचे खरे उपकार. डॉक्टरांची गाडी सगळ्या बायका होईपर्यंत इथून हलणार नाही, एवढंच त्यांनी फोटोवाल्यांना सांगितलं.

दवाखान्यात मुकादमिणीने संमतीच्या कागदावर अंगठा द्यायला नकार दिला. वजन बघितल्याशिवाय मी माल सोडत नाही, कागद ऐकल्याशिवाय अंगठा कसा देऊ? मला आधी वाचून दाखवा, आणि परक्याने नको, माझ्या सुनेने. धाकटीने तो कागद अक्षर अक्षर लावत वाचला. जोडाक्षर आलं की ती अडायची आणि सासू दम धरून बसायची. नर्सताईचा चहा पिऊन झाला, कप धुऊन झाला, तरी दुसरी बाजू उरलीच होती. शेवटी मुकादमीण म्हणाली, ठीक आहे, यात कुणी फसवलेलं नाही. आणि अंगठा दिला. म्हातारीचं कडीवर भागलं. धाकटीचं आणि थोरलीचं ऑपरेशन झालं.

आणि व्यापाऱ्याचा माल? तो कुणी वळला हे गल्लीतले पुरुष कुणाला सांगत नाहीत. चाकापाशी म्हातारे बसले आणि कमरेला वाख बांधून मागे चालायला त्यांचे लेक आले. पहिल्या दिवशी कमरेची ओढ संध्याकाळपर्यंत एकालाही सोसवेना. मग धाकटीच्या नवऱ्याने दोन चाकांचा एक ढकलगाडा केला आणि त्यावर धोंडे ठेवून दोराची ओढ त्याला बांधली. माणसाने नुसतं बरोबर चालायचं. इतक्या पिढ्यांत हे कुणाला सुचलं नव्हतं, कारण ओढ आजवर सुचणाऱ्यांच्या कमरेला नव्हती.

धाकटी दारात खाटेवर पडून ते बघत असायची. शेजारी मुकादमीण बसून तिथूनच सगळ्या गल्लीला हुकूम सोडायची. एका सकाळी धाकटीचा दीर मोठ्या ऐटीत मागे चालत होता. टाचांना वाट ठाऊक नव्हती. शेळी आपल्या ठरल्या जागी आडवी पसरली होती. मुकादमिणीला ती दिसत होती, पण म्हातारी मुद्दाम गप्प राहिली. दीर शेळीवर अडखळला, वाखासकट उताणा पडला, आणि शेळी उठून त्याच्याकडे असं बघायला लागली की चूक सर्वस्वी त्याचीच.

मुकादमीण खदखदून हसली. धाकटी हसली. टाके दुखतील म्हणून सासूने तिचे दोन्ही हात धरले, तरी ती हसतच राहिली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, श्वास संपेपर्यंत. हसून थकल्यावर तिच्या ध्यानात आलं की आपले पाय खाटेवर ऐसपैस पसरलेले आहेत आणि दोन्ही हात सासूच्या हातात आहेत.